गवताला परवाना नको, फांदीला हवा : मुंबईत माळीकामाचा व्यवसाय सुरू करताना

"गुमास्ता काढायचाय, गार्डनिंगचा धंदा आहे," असं म्हणत जो समोर येऊन बसतो, त्याच्या प्लास्टिकच्या पिशवीत बहुतेक वेळा तीनच कागद असतात. आधार, पॅन आणि विजेचं बिल. बिल आजोबांच्या नावावर, आणि आजोबा जाऊन नऊ वर्षं झालेली. गुमास्ता म्हणजे दुकान-धंद्याची नोंदणी, आणि मी असे अर्ज भरून देण्याचं काम करतो. या धंद्यात अर्ज अडतात ते लॉन, मोवर (गवत कापायचं यंत्र) किंवा अनुभव यांवरून नाही, पत्त्याच्या कागदावरून. म्हणून तो आधी मार्गी लावायचा. पण त्याहीआधी पात्रतेचं बोलू, कारण तिथे गैरसमज फार आहेत.

पात्रता

सोसायटीची हिरवळ राखणं, हेज कापणं, कुंड्या बदलणं, टेरेसवर बाग उभी करणं यासाठी 'माळी परवाना' असा काही कागद नाही. पदवीची अट नाही. अठरा वर्षं पूर्ण, पॅन आणि मोबाइलशी जोडलेलं आधार, एवढ्यावर माणूस एकल मालक म्हणून धंदा सुरू करू शकतो. मोबाइल जोडलेला असणं मात्र अत्यावश्यक. पुढचा जवळजवळ प्रत्येक अर्ज ओटीपीवर चालतो, आणि आधारला जोडलेला नंबर गावच्या जुन्या सिमचा असला की सगळं तिथेच थांबतं.

उद्यानविद्येचा एखादा अभ्यासक्रम किंवा माळीकामाचं कौशल्य प्रमाणपत्र असेल तर निविदा भरताना उपयोगी पडतं. सोसायटीच्या सेक्रेटरीला त्याचं फारसं पडलेलं नसतं. ते शेजारच्या बिल्डिंगचं लॉन बघून काम देतात.

एक चूक वारंवार दिसते. पीएम विश्वकर्मा योजनेच्या १८ व्यवसायांत माळ्याचं नाव दिसलं म्हणून बागकाम करणारे अर्ज घेऊन येतात. तिथला माळी म्हणजे मालाकार, फुलांचे हार करणारा. खुरपं चालवणारा माळी त्या यादीत नाही. त्यात दिवस घालवू नका.

पत्ता

बहुतेकांचं 'ऑफिस' म्हणजे राहतं घर. चालतं. पण ती जागा वापरण्याचा तुम्हाला हक्क आहे हे कागदावर दिसलं पाहिजे. जागा स्वतःची असेल तर अलीकडचं विजेचं बिल (बेस्ट, अदानी, टाटा, महावितरण, जे असेल ते) किंवा मालमत्ता कराची पावती पुरते. जागा वडिलांच्या किंवा बायकोच्या नावावर असेल तर ते बिल आणि सोबत त्यांचं सहीचं संमतीपत्र. भाड्याची असेल तर नोंदणीकृत करार. पागडीच्या खोलीत भाडेपावती चालून जाते, मात्र पावतीवरचं नाव हयात माणसाचं हवं.

आजोबांच्या बिलाचं काय करायचं? आधी वीज कंपनीकडे नावबदलाचा अर्ज टाकायचा आणि बाकीचे अर्ज तो झाल्यावर भरायचे. घाई केलेल्या एका मुलाने दिवंगत आजोबांच्या नावाचं संमतीपत्र करून आणलं होतं, खाली सहीसुद्धा! मी ते परत दिलं. अशा कागदाने अर्ज तर फेटाळला जातोच, वर खोट्या कागदपत्राचा गुन्हा गळ्यात पडतो.

गाळ्याचा किंवा खोलीचा क्रमांक सगळ्या अर्जांत अक्षरशः सारखा लिहा. एकीकडे 'रूम नं. १४', दुसरीकडे '१४/अ' असं झालं की बँक बोट ठेवते.

गुमास्ता

लोकांच्या तोंडी अजून गुमास्ताच आहे. कायदा मात्र २०१७ चा, महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम. वीसपेक्षा कमी कामगार असतील (२०२५ पर्यंत ही मर्यादा दहाची होती) तर परवाना काढायचा नसतो, फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. तिची जी पोच मिळते तिलाच सगळे 'शॉप अ‍ॅक्ट' म्हणतात. मुंबईत हे काम महापालिकेच्या दुकाने व आस्थापना खात्याकडे आहे, अर्ज पालिकेच्या पोर्टलवरून होतो. धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत सूचना द्यायची.

लागतं ते असं : मालकाचा फोटो आणि सही, आधार, पॅन, पत्त्याचा कागद, स्वयंघोषणापत्र आणि जागेचा नावाच्या पाटीसह फोटो. पाटी मराठीत, देवनागरीत हवी. दुसऱ्या भाषेतलं नाव खाली टाकायला हरकत नाही, पण मराठी अक्षर त्याहून लहान चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर हा नियम दहापेक्षा कमी कामगारांच्या आस्थापनांनाही लागू आहे. फ्लेक्सवर छापलेली दोन फुटांची पाटी दाराला टांगून फोटो काढला तरी काम होतं. एकाने मोवरला टेकवून उभ्या केलेल्या पाटीचा फोटो आणला होता. पाटी झकास होती, पण मागे दार नाही, घरक्रमांक नाही. दुसरा काढायला लावला.

धंद्याचं स्वरूप लिहिताना नुसतं 'गार्डनिंग' लिहू नका. 'उद्यान देखभाल, लँडस्केपिंग, रोपे व कुंड्या पुरवठा' असं लिहा. पुढे रोपांची बिलं फाडाल तेव्हा हेच शब्द कामी येतात.

उद्यम नोंदणी आणि बँक खातं

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून होणारी नोंद, केंद्र सरकारच्या साइटवर होते आणि ती मोफत आहे. शोधल्यावर सरकारी वाटणाऱ्या ज्या खासगी साइट वर येतात आणि दोन-तीन हजार मागतात, त्यांना पैसे देऊ नका. पत्त्याच्या शेवटी 'डॉट जीओव्ही डॉट इन' आहे का एवढं बघा. आधार आणि पॅन पुरतं, कागद अपलोड करावा लागत नाही. व्यवसायाचा एनआयसी कोड (सरकारी वर्गीकरणातला क्रमांक) ८१३०० निवडा. तो लँडस्केप देखभाल सेवेचाच आहे.

हे प्रमाणपत्र फाइलमध्ये शोभेला ठेवू नका. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करावं, असा कायदा आहे. उशीर झाला तर चक्रवाढ व्याज मागता येतं, तक्रार ऑनलाइन करता येते. पण काम केलं त्या तारखेला उद्यम नोंदणी झालेली असली पाहिजे. पैसे अडकल्यावर काढलेली नोंदणी मागच्या बिलांना वाचवत नाही. पाच महिन्यांची बिलं अडकल्यावर हा प्रश्न घेऊन एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. नोंदणी चौथ्या महिन्यातली. पहिल्या तीन महिन्यांसाठी त्यांना हातापाया पडण्याचाच मार्ग उरला.

शॉप अ‍ॅक्टची पोच आणि उद्यम, हे दोन कागद हातात आले की धंद्याच्या नावाने चालू खातं उघडतं. सोसायट्या चेक धंद्याच्या नावाने काढतात, म्हणून खातं लवकर उघडा. सोसायटी बिलातून एक टक्का टीडीएस कापू शकते. तो बुडत नाही, विवरणपत्र भरून परत मिळवता येतो. पॅन दिला नाही तर मात्र तोच वीस टक्के कापला जातो.

जीएसटी

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही. ४० लाखांची मर्यादा ऐकून निवांत राहणारे खूप भेटतात, पण ती फक्त माल विकणाऱ्यांची. तुम्ही सेवा देता.

हिशेब असा मांडा. नऊ सोसायट्या, प्रत्येकी महिना १८,००० रुपये. वर्षाचे झाले १९ लाख ४४ हजार. दिवाळीत दीड लाखाचं एक टेरेस गार्डन आलं की तुम्ही मर्यादेबाहेर, आणि तिथून ३० दिवसांत नोंदणी. जिवंत रोपांवर कर शून्य आहे, पण रोपांची विक्रीसुद्धा या २० लाखांत धरली जाते. इथे भलेभले फसतात.

देखभालीच्या सेवेवर दर १८ टक्के. रोपं वेगळ्या बिलाने निव्वळ विकली तर त्यावर कर नाही, पण 'बाग तयार करून द्या' अशा एकत्र ठेक्यात मुख्य काम सेवेचं ठरलं तर रोपांनाही तोच दर लागतो. ५० लाखांपर्यंत सहा टक्क्यांची कंपोझिशन योजना घेता येते. तो कर ग्राहकाकडून वेगळा घेता येत नाही, खिशातून भरावा लागतो. तरी लहान सोसायट्याच ग्राहक असतील तर माझा कल तिकडेच असतो, कारण १८ टक्के वर चढवलेलं कोटेशन बघून कमिटी दुसऱ्या माळ्याला फोन लावते. ग्राहक कंपन्या असतील तर नियमित नोंदणीच घ्या.

कागद पॅन, आधार, फोटो, बँकेचा तपशील आणि पुन्हा तेच विजेचं बिल व संमतीपत्र. सरकारी फी नाही.

व्यवसाय कर आणि माणसं

स्वतःचा व्यवसाय कर वर्षाला २,५०० रुपये, नोंदणी राज्याच्या जीएसटी विभागाच्या साइटवर. माणसं पगारावर ठेवली आणि पगार महिना ७,५०० च्या वर असला की त्यांचा कर कापून भरण्याची दुसरी नोंदणी लागते. महिला कामगारांना २५,००० पर्यंत सूट आहे.

माणसं दहाच्या घरात गेली की ईएसआय (कामगार विमा) आणि वीस झाली की पीएफ पाहावं लागतं. ईएसआयमध्ये २१,००० पर्यंत पगाराचा कामगार येतो, मालकाचे सव्वातीन टक्के आणि कामगाराचा पाऊण टक्का. मोठी कॉम्प्लेक्स आणि कॉर्पोरेट पार्क चार माणसांच्या ठेकेदाराकडेही ईएसआय-पीएफचे नोंदणी क्रमांक मागतात, म्हणून कोटेशन देण्याआधी विचारून घ्या. शॉप अ‍ॅक्टच्या मर्यादा मधूनमधून बदलतात, माणसं वाढली की तीही नोंदणी पुन्हा तपासा.

आता झाड

इथवर सगळं घरबसल्या होतं. ज्या दिवशी तुमचा माणूस कोयता घेऊन फांदीला हात घालतो, त्या दिवशी वेगळा कायदा सुरू होतो : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. झाड सोसायटीच्या आवारात आहे, सोसायटीनेच लावलंय, म्हणून सोसायटी ते वाटेल तसं छाटू शकते असं नाही. या कायद्यात 'झाड तोडणं' म्हणजे बुंध्यावर करवत चालवणं एवढंच नसतं. जाळणं, इजा करणंही त्यातच येतं. दंड आणि कैद, दोन्हींची तरतूद आहे.

लॉन, हेज, कुंडीतली रोपं यांचा इथे संबंध नाही. आंबा, गुलमोहर, बदाम, माड अशा झाडांच्या फांद्या उतरवायच्या असतील तर वॉर्ड ऑफिसच्या उद्यान खात्याची परवानगी आधी घ्यायची. अर्ज ठेकेदाराने करायचा नाही. तो सोसायटीच्या लेटरहेडवर, सेक्रेटरी किंवा अध्यक्षाच्या सहीने जातो. त्यात झाडाची जात, जागा दाखवणारा साधा नकाशा, फोटो आणि कारण असावं. 'फांदी तिसऱ्या मजल्याच्या खिडकीवर टेकते', 'वाळलेली फांदी पार्किंगवर लोंबते' असं नेमकं लिहिलं की पाहणीला आलेल्या माणसाचंही काम सोपं होतं. 'उजेड येत नाही' एवढ्यावर फारसं हलत नाही.

पूर्ण झाड काढायचं असेल तर प्रकरण वृक्ष प्राधिकरणाच्या कक्षेत जातं. पाहणी होते, झाडावर नोटीस चिकटते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना निघते, हरकती मागवतात. बदल्यात झाडं लावावी लागतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' धरलं जातं. सोसायटी म्हणाली, "तुम्ही काढा हो, आम्ही बघून घेऊ," तर नमस्कार करून निघा. पंचनाम्यात नाव येतं ते करवत हातात असलेल्याचं.

अर्ज एप्रिलमध्येच घालायला सांगा. मेअखेर प्रत्येक सोसायटीला पावसाची आठवण होते आणि वॉर्डात गर्दी उसळते.

छाटणीनंतरचा पाला-फांद्यांचा ढीग फुटपाथवर टाकायचा नाही. बागेचा कचरा आवारातच वेगळा साठवायचा आणि पालिकेच्या सूचनेप्रमाणे द्यायचा. उचलण्याचा खर्च कोणाचा, हे कोटेशनमध्येच लिहा.

औषध, खत, कलमं

कीटकनाशक विकायचं तर विक्री परवाना हवा, आणि त्याला शिक्षणाची अट आहे. पेस्ट कंट्रोल हाच धंदा करायचा तर त्याचा वेगळा परवाना, तोही कीटकनाशक कायदा, १९६८ खाली. म्हणून जाहिरातीत 'गार्डनिंग व पेस्ट कंट्रोल' असं जोडून छापू नका. खताच्या गोण्या विकण्यासाठी खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे कृषी विभागाकडे वेगळी नोंद लागते. फळझाडांची कलमं तयार करून विकणार असाल तर १९६९ चा फळरोपवाटिका कायदा आणि त्याचा परवाना. शोभेच्या रोपांना तो लागत नाही. मोवरसाठी पेट्रोल ३० लिटरपर्यंत, विक्रीसाठी नसेल तर, परवान्याशिवाय ठेवता येतं. तरी चाळीतल्या खोलीत पाच लिटरच्या वर ठेवू नये असं मी सांगतो.

पैसा

मोवर, ब्रश कटर आणि थोडी हत्यारं घेण्यापुरतं मुद्रा कर्ज पुरतं. शिशु ५०,००० पर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. बँकेला उद्यम, शॉप अ‍ॅक्ट, सहा महिन्यांचं खातं आणि मशीनचं पक्कं कोटेशन लागतं. कोटेशन दुकानदाराच्या छापील लेटरहेडवर, जीएसटी क्रमांकासह आणा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दराच्या फोटोवर फाइल पुढे सरकत नाही. हातात एक-दोन सोसायट्यांची वर्क ऑर्डर असेल तर तीही जोडा. साध्या कागदावर, पण शिक्क्यासह.