विद्युत विमान

ज्या विमानाचा पंखा विद्युत मोटर फिरवते आणि तिला लागणारी वीज विमानातच ठेवलेल्या बॅटरीतून मिळते, त्याला विद्युत विमान म्हणतात. सौर घट, हायड्रोजनाचे इंधनघट किंवा एंजिनाला जोडलेले जनित्र यांतून वीज घेणारी विमानेही व्यापक अर्थाने याच वर्गात येतात. प्रस्तुत नोंद मुख्यतः बॅटरीवरील विमानांपुरती आहे.

पहिले विद्युत उड्डाण कोणते, याविषयी मतभेद आहेत. फ्रान्समधील तिसाँद्ये बंधूंनी 8 ऑक्टोबर 1883 रोजी पॅरिसमध्ये दीड अश्वशक्तीची मोटर लावलेले वातयान (हलक्या वायूने भरलेल्या फुग्यावर तरंगणारे यान) उडवले. मात्र ते वाऱ्याला तोंड देऊन निघाल्या जागी परतू शकले नाही. 9 ऑगस्ट 1884 रोजी रनार व क्रेब्ज या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्यांचे ‘ला फ्रांस’ हे वातयान सुमारे 8 किमी. फेरी 23 मिनिटांत पुरी करून मूळ जागी उतरले. काही ग्रंथ अग्रमान तिसाँद्ये बंधूंना देतात. पण सुकाणू ताब्यात असणे ही कसोटी धरली, तर ‘ला फ्रांस’ चा दावा अधिक भक्कम ठरतो. ऑस्ट्रिया-हंगेरीत 1918 च्या सुमारास विद्युत मोटरीवर एक हेलिकॉप्टर जमिनीपासून थोडे उचलले गेले होते. त्याला वीज जमिनीवरून तारेने पुरवली जाई, म्हणून ते वरील व्याख्येत बसत नाही. हवेपेक्षा जड, माणूस बसलेले व स्वतःच्या बॅटरीवर उडालेले पहिले विमान म्हणून सामान्यतः ऑस्ट्रियातील ‘एमबी-ई1’ चा उल्लेख होतो (21 ऑक्टोबर 1973). मोटर-ग्लायडरमध्ये निकेल-कॅडमियम घट बसवून ते तयार केले होते. उड्डाणाचा कालावधी कोठे 9, तर कोठे 14 मिनिटे दिलेला आढळतो.

खरी अडचण वजनाची आहे. एक किलोग्रॅम विमान-केरोसिनात सुमारे 12,000 वॉट-तास ऊर्जा असते. लिथियम-आयन घटात ती 250 च्या आसपास, आणि पेटी, शीतन व वायरिंग धरल्यास संपूर्ण बॅटरीत 180 च्या घरात. मोटरीची कार्यक्षमता एंजिनाच्या दुपटीहून अधिक असली, तरी ही तफावत भरून निघत नाही. उदाहरणार्थ, एकूण वजनाच्या 30 टक्के बॅटरी, उत्थापन (विमान वर उचलून धरणारे बल) व ओढ (हवेचा विरोध) यांचे गुणोत्तर 17 आणि एकंदर कार्यक्षमता 0·8 धरल्यास पल्ला सुमारे 270 किमी. येतो. बॅटरीची 80 टक्केच क्षमता वापरायची ठरवल्यास तो 216 किमी. होतो, ताशी 200 किमी. वेगाने अर्ध्या तासाची राखीव ऊर्जा वजा केली की हाती उरतात जेमतेम 116 किमी. शिवाय इंधनासारखी बॅटरी वाटेत हलकी होत नाही, त्यामुळे उतरतानाही चाके व सांगाडा यांवर पूर्ण भार येतो.

बॅटरी उतरत आली की तिचा व्होल्टदाब घसरतो; तीच शक्ती काढायला जास्त प्रवाह लागतो आणि घट तापतात. म्हणून उतरणे रद्द करून पुन्हा वर चढण्याची वेळ ही आरेखनातील सर्वांत कठीण स्थिती समजली जाते. शून्याखालील तापमानात चार्जिंग केल्यास धनाग्र-ऋणाग्रांपैकी ग्रॅफाइटच्या अग्रावर धातुरूप लिथियम साचते व पुढे अंतर्गत शॉर्ट सर्किट होऊ शकते. एक घट पेटल्यास शेजारचा पेटू नये, यासाठी घटांमध्ये उष्णतारोधक थर व वायू बाहेर सोडणारी नळी ठेवावी लागते.

उंचीवरचा एक धोका सहसा दुर्लक्षित राहतो. हवेतील फटीत सुमारे 327 व्होल्टखाली ठिणगी पडत नाही. त्याहून अधिक दाबाला मात्र हवा विरळ होत जाईल तसे रोधकातील (तारांवरील वीजरोधक आवरणातील) अतिसूक्ष्म पोकळ्यांत विद्युत विसर्जन, म्हणजे बारीक ठिणग्या, होऊ लागते. जमिनीवर निर्धोक ठरलेले मोटरीचे वेटोळे त्यामुळे वर गेल्यावर हळूहळू कुरतडले जाते. व्होल्टदाब कमी ठेवावा, तर तारा जाड व जड होतात. इन्व्हर्टरच्या (बॅटरीची एकदिश वीज मोटरीसाठी प्रत्यावर्ती करणाऱ्या साधनाच्या) जलद स्पंदांमुळे मोटरीच्या टोकांशी दाब जवळजवळ दुप्पट उसळू शकतो, तोही हिशेबात धरावा लागतो.

स्लोव्हेनियातील पिपिस्ट्रेल कंपनीच्या दोन आसनी ‘वेलिस इलेक्ट्रो’ ला जून 2020 मध्ये युरोपीय संघाच्या विमान सुरक्षा संस्थेकडून प्रकार-प्रमाणपत्र (त्या नमुन्याचे आरेखन सुरक्षित असल्याची मान्यता) मिळाले. तिची मोटर 57·6 किलोवॉटची व बॅटऱ्या दोन, द्रवशीतित आहेत. राखीव वेळ सोडून ती सुमारे 50 मिनिटे उडते. धावपट्टीभोवतीच्या प्रशिक्षण-फेऱ्यांना तेवढे पुरते. नऊ प्रवाशांसाठी योजलेले ‘ॲलिस’ 27 सप्टेंबर 2022 रोजी 8 मिनिटे उडाले. नासाचे ‘एक्स-57’ हे प्रायोगिक विद्युत विमान मात्र मोटर-प्रणालीतील उशिरा उघड झालेल्या दोषामुळे 2023 मध्ये न उडताच गुंडाळण्यात आले.