तेल बदलता येतं, कागद नाही

रब्बीच्या हंगामात शिवारातली डीपी, म्हणजे वीज वाटणारं रोहित्र (ट्रान्सफॉर्मर), जळाली की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तेल होतं का तिच्यात?’ प्रश्न चुकीचा नाही. गळतीनं नाहीतर चोरीनं तेल खाली गेलेलं असतं आणि लोड मात्र दुपटीच्या मोटरींचा. पण जळालेलं रोहित्र दुरुस्तीच्या शेडमध्ये टाकीतून बाहेर काढलं की बघायची गोष्ट वेगळीच असते. वाइंडिंगच्या, म्हणजे आतल्या वेढ्यांच्या, तारेवर गुंडाळलेला कागद. नवा असताना तो गव्हाळ, चिवट, ओढला तरी सहजी न फाटणारा असतो. जळालेल्या जागेचा तर कोळसाच होतो. पण जिथं आग पोचलेली नाही तिथलाही कागद पुष्कळदा चॉकलेटी झालेला, नखानं टोकरला की पापडासारखा तुकडा पडणारा. तेल बदलून मिळतं. हा कागद बदलायचा म्हणजे वाइंडिंग नवं भरायचं.

उच्चदाबाच्या यंत्रांमधलं इन्शुलेशन (वीज भलतीकडे जाऊ न देणारा अडसर) म्हणजे सव्वाशेहून जास्त वर्षांची तेल-कागदाची जोडी आहे. दोघांत बोलबाला तेलाचा झाला, कारण ते दिसतं, गळतं, पेटतं, बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवता येतं. आयुष्य मात्र कागद ठरवत आला.

सुरुवातीला दोघंही नव्हते. १८८५-८६ सालचे ट्रान्सफॉर्मर कोरडे असत. सुताचा वेढा, वर वॉर्निश, भोवती हवा. काही हजार व्होल्टपर्यंत हे भागलं. दाब वाढवायचा म्हटल्यावर हवा अपुरी पडू लागली. सुतात ओल धरे, वॉर्निशला बारीक भेगा पडत आणि एकदा ठिणगी गेली की ती वाट कायमची जळून बसे. १८८७ मध्ये एलिहू थॉमसन यांनी अमेरिकेत ट्रान्सफॉर्मर खनिज तेलात बुडवण्याचं पेटंट घेतलं. तेलाचे फायदे दोन. ते फिरतं, म्हणून वाइंडिंगची उष्णता टाकीच्या भिंतीपर्यंत नेतं. आणि ठिणगी पडली तरी जागा पुन्हा तेलानंच भरून निघते. घन पदार्थाला पडलेलं भोक बुजत नाही, तेलाचं बुजतं.

कागदाची वाट वेगळी होती, ती केबलमधून आली. सेबॅस्टियन द फेरँटी यांनी लंडनजवळच्या डेप्टफर्डमधून शहरात १०,००० व्होल्टनं वीज न्यायचं ठरवलं तेव्हा तेवढा दाब सोसणारी केबल बाजारात मिळत नव्हती. त्यांनी ती स्वतःच बनवली. एकात एक घातलेल्या तांब्याच्या दोन नळ्या आणि मधे मेणात मुरवलेला तपकिरी कागद, वीस-वीस फुटांचे तुकडे जोडून. बाहेरची नळी अर्थ केलेली असल्यानं धोका नाही हे पटवायला चालू केबलमध्ये छिन्नी ठोकून दाखवण्यात आली. ही केबल १९३३ पर्यंत वापरात होती. मेणकागदाला चाळिसेक वर्षं म्हणजे चेष्टा नव्हे.

तेलाची जाहीर परीक्षा झाली १८९१ मध्ये. जर्मनीत नेकार नदीवरच्या लाउफेन गावातून १७५ किलोमीटरवरच्या फ्रँकफर्टच्या विद्युत प्रदर्शनात थ्री-फेज वीज आणली गेली, १५,००० व्होल्टनं, पुढे चाचण्यांत २५,००० व्होल्टपर्यंत. दोन्ही टोकांचे ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवलेले होते आणि खांबांवरच्या चिनीमातीच्या इन्सुलेटरांनाही तेलाच्या खोबणी होत्या. ओर्लिकॉन कंपनीचे चार्ल्स ब्राउन हे त्यामागचं एक डोकं. त्यानंतर मोठा ट्रान्सफॉर्मर कोरडा ठेवावा असं कुणी फारसं म्हटलं नाही. आपल्याकडे ८ फेब्रुवारी १९१५ रोजी टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र सुरू झालं आणि घाटाखालून मुंबईत परळला वीज आली ती एक लाख व्होल्टनं. लाउफेनला जेमतेम चोवीस वर्षं झाली होती. मधल्या काळात दाब इतका चढवता आला तो तेल आणि कागदाच्या जोरावर.

तेलाची खोड मात्र लवकरच कळली. सुरुवातीची तेलं पॅराफिन जातीची होती. थंडीत त्यांत मेण धरे आणि गरम तेलाला हवेतला ऑक्सिजन लागला की आम्ल तयार होऊन काळा चिकट गाळ बसे. या गाळाला कामावरची माणसं स्लजच म्हणतात. स्लज वाइंडिंगच्या फटींत बसतो, तेलाचं फिरणं अडतं, तापमान चढतं, तापमानानं आणखी स्लज होतो. उपाय दोन निघाले. १९२० च्या दशकात पॅराफिनच्या जागी नॅफ्थेनिक तेलं येऊ लागली. आणि तेल हवेपासून लांब ठेवायला टाकीच्या डोक्यावर आडवा पिंप आला, तो कंझर्व्हेटर. दुपारी तापलेलं तेल फुगतं, पिंपातली हवा बाहेर जाते; रात्री निवलं की हवा आत ओढली जाते. या श्वासाच्या वाटेवर सिलिका जेलची बाटली बसवतात, तिला ब्रीदरच म्हणतात. कोरडं जेल निळं, ओल धरली की गुलाबी. पावसाळ्यात कुठल्याही सबस्टेशनला गेलात तर आधी ब्रीदर बघा. गुलाबी जेल आणि खालच्या वाटीत तेलाचा पत्ता नाही, असं दिसलं की त्या ठिकाणच्या देखभालीबद्दल आणखी काही विचारायची गरज उरत नाही.

आता कागद. ट्रान्सफॉर्मरमध्ये लागतो तो क्राफ्ट कागद. जर्मनमध्ये क्राफ्ट म्हणजे ताकद. लाकडातला सेल्युलोज म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. नव्या कागदात एका साखळीत हजार-बाराशे कड्या असतात. उष्णता, पाणी आणि आम्ल ही साखळी तोडत जातात. कड्या २०० च्या आसपास आल्या की कागदाचं आयुष्य संपलं असं धरतात. गंमत अशी की अशा कागदाची विजेला अडवण्याची ताकद बऱ्यापैकी शाबूत असते. गेलेली असते ती अंगची चिवटाई. बाहेर लाइनवर शॉर्ट झाला की वाइंडिंगला जो हिसका बसतो, त्यात हा पापड तडकतो. म्हणून म्हातारा ट्रान्सफॉर्मर वर्षानुवर्षं बिनतक्रार चालतो आणि एखाद्या वादळी संध्याकाळी जातो.

१९३० मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या माँटसिंगर यांनी ठोकताळा मांडला: तापमान दर ८ अंश सेल्सियसनं वाढलं की इन्शुलेशनचं आयुष्य निम्मं. पुढच्या मानकांनी आकडा थोडा इकडेतिकडे केला, मुद्दा तोच राहिला. ओव्हरलोड केलेल्या डीपीचं गणितही हेच आहे.

आणि पाणी. समजा एका मोठ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये ५०,००० लिटर तेल आहे, म्हणजे वजनानं साधारण ४४ टन, आणि कागद-प्रेसबोर्ड (दाबून केलेला जाड पुठ्ठा) ५ टन. तेलात २० पीपीएम (दहा लाख भागांत २० भाग) पाणी म्हणजे सगळं मिळून एक किलोसुद्धा नाही. कागदात २ टक्के ओल म्हणजे १०० किलो. पाण्याचं घर कागद आहे. तेल फक्त ये-जा करायची वाट. यंत्र तापलं की पाणी कागदातून तेलात येतं, निवलं की परत जातं. वर कागद तुटताना स्वतःच पाणी सोडतो आणि ते पाणी त्यालाच आणखी तोडतं.

हे डोक्यात ठेवून बीडीव्ही, म्हणजे तेल किती दाबाला हार मानतं याची, चाचणी बघण्यासारखी आहे. काचेच्या भांड्यात तेल, त्यात समोरासमोर दोन इलेक्ट्रोड, मधे बरोबर २.५ मिलिमीटर फट. तेल ओतल्यावर बुडबुडे जाईपर्यंत थांबायचं, मग दाब सेकंदाला २ किलोव्होल्टनं चढवत न्यायचा. तड्‌ असा आवाज, निळसर ठिणगी, आकडा टिपायचा. ढवळायचं, थांबायचं, पुन्हा. असं सहा वेळा आणि मग सरासरी. तेल ओलं असेल आणि त्यात कागदाचे तंतू तरंगत असतील तर ठिणगीआधी ते तंतू विजेच्या ओढीनं इलेक्ट्रोडच्या मधे रांगेत येऊन पूल बांधतात. आकडा कमी आला की फिल्टर मशीन लावतात, व्हॅक्युममध्ये गरम तेल दोन-तीन दिवस फिरवतात, आकडा ६० किलोव्होल्टच्या वर जातो, सगळे खूष. काही महिन्यांनी तोच आकडा पुन्हा खाली. मशीनवाल्यानं फसवलेलं नसतं. त्यानं किलोभर पाणी काढलं, शंभर किलो आतच होतं.

तेलाचा सगळ्यात जुना दोष म्हणजे ते पेटतं. त्यावर उतारा म्हणून १९२९ पासून अमेरिकेत पीसीबी, म्हणजे पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल, कारखान्यात बनू लागलं. (इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचा पीसीबी वेगळा, ही सरमिसळ अजून होते.) ते सहजी पेटत नाही, सडत नाही, ऑक्सिजनला दाद देत नाही. इमारतींच्या तळघरांत, रेल्वे इंजिनांत, कपॅसिटरांत ते चाळीस-पन्नास वर्षं भरलं गेलं. जे सडत नाही ते निसर्गातही सडत नाही, हे ध्यानात यायला १९६६ उजाडलं. स्वीडनमध्ये सोरेन येन्सन यांना ते माशांत आणि पक्ष्यांत सापडलं. १९६८ मध्ये जपानात तांदळाच्या कोंड्याचं तेल काढणाऱ्या कारखान्यात नळीतून गळलेलं पीसीबी खाद्यतेलात मिसळलं आणि हजारो माणसं आजारी पडली. ५ फेब्रुवारी १९८१ रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅमटनला सरकारी इमारतीच्या तळघरात पीसीबीच्या ट्रान्सफॉर्मरजवळ आग लागली. आग किरकोळ होती, पण विषारी काजळी हवेच्या नळांतून अठरा मजल्यांवर पोचली. ती इमारत पुन्हा वापरात यायला १९९४ उजाडलं.

आपल्याकडच्या यंत्रांत शुद्ध पीसीबीपेक्षा भेसळीचा धोका मोठा. एकच फिल्टर मशीन आज पीसीबीच्या टाकीला, उद्या साध्या तेलाच्या टाकीला लावलं की साधं तेलही बाटलं. स्टॉकहोम करारानुसार भारतानं २०१६ मध्ये पीसीबीचं उत्पादन आणि आयात बंद करणारा आदेश काढला आणि वापर संपवण्याची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ठेवली.

विसाव्या शतकात तेलाला आणखी एक काम मिळालं, साक्षीदाराचं. आत कुठं ठिणगी पडली किंवा जागा तापली की तेलाचे रेणू तुटून वायू होतात. जर्मनीतल्या माक्स बुखहोल्त्स यांनी १९२१ मध्ये टाकी आणि कंझर्व्हेटरच्या मधल्या नळीत हा वायू अडवून इशारा देणारा नाहीतर वीज तोडणारा रिले बसवला, आणि आपल्याकडे ‘बुकोल्झ ट्रिप झाला’ हे वाक्य प्रत्येक ऑपरेटरच्या तोंडी आलं. पण बुडबुडे व्हायच्या आधी वायू तेलात विरघळतो. तो मोजता आला तर दुखणं कितीतरी आधी कळेल. १९७० च्या दशकात ही तपासणी रुळली, तिचं नाव डीजीए (डिझॉल्व्ड गॅस ॲनालिसिस). क्वेबेकमधल्या मिशेल द्यूवाल यांनी १९७४ मध्ये मिथेन, इथिलीन आणि ॲसिटिलीन या तीन वायूंचा त्रिकोण मांडला. आकडे त्यात टाकले की बिंदू कुठं पडतो त्यावरून दोष ओळखता येतो. ॲसिटिलीन दिसलं की आत आर्क (पेटती ठिणगी) आहे, मग चहा बाजूला ठेवून फोन लावायचे. कार्बन मोनॉक्साइड वाढत असेल तर कागद जळतोय. कागद तुटताना होणारं फ्युरानही तेलात उतरतं, म्हणजे टाकी न उघडता कागदाचं वय विचारता येतं. माझ्या मते या क्षेत्रातला सगळ्यात हुशार शोध हाच. जो बदलता येत नाही त्याची खबर, जो बदलता येतो त्याच्याकडून.

पण साक्षीदार दर वेळी बोलतोच असं नाही. २००० नंतरच्या काही वर्षांत जगभर तुलनेनं नवे ट्रान्सफॉर्मर आणि रिॲक्टर (अणुभट्टी नव्हे, ग्रिडवरची तेलात बुडवलेली वेढ्यांची यंत्रं) जाऊ लागले. बीडीव्ही उत्तम, डीजीए बहुधा स्वच्छ, तेल मानकाप्रमाणे. उघडून पाहिलं तर तांब्यावरच्या कागदात काळपट कॉपर सल्फाइड मुरलेलं. वीज न वाहणारा कागद वीज वाहू लागला होता. तेलातला डायबेन्झिल डायसल्फाइड नावाचा गंधकी पदार्थ यामागे निघाला. १४० अंशांवर १९ तासांची जुनी तांब्याच्या पट्टीची चाचणी त्याला पकडत नव्हती, म्हणून ती १५० अंशांवर ४८ तासांची केली गेली. सेवेत असलेल्या तेलांत तांब्यावर संरक्षक थर धरणारं रसायन मिसळलं गेलं. नव्यानं होणारं सल्फाइड त्यानं थांबतं. कागदात आधीच मुरलेलं निघत नाही.

चंद्रपूर ते पडघे या ५०० किलोव्होल्टच्या एचव्हीडीसी (उच्चदाबाच्या डीसी) लाइननं (१९९९) महाराष्ट्रात या जोडीची आणखी एक बाजू आणली. एसी दाबाखाली विजेचा ताण तेलावर जास्त पडतो, कारण तेलाची परमिटिव्हिटी (विद्युतक्षेत्र सामावून घेण्याचा गुण) कागदाच्या निम्मी. म्हणून तेलाची जाड फट प्रेसबोर्डच्या पडद्यांनी पातळ-पातळ फटींत वाटतात. पातळ फट मिलिमीटरमागे जास्त सोसते. डीसीला हिशेब उलटतो. तिथं वाटणी रोधावर होते आणि प्रेसबोर्डचा रोध तेलापेक्षा कितीतरी पट जास्त, म्हणून जवळजवळ सगळा भार घन इन्शुलेशनच्या डोक्यावर. कन्व्हर्टर (एसी-डीसी बदल करणाऱ्या यंत्राच्या) ट्रान्सफॉर्मरला दोन्ही एकाच वेळी सोसावं लागतं.

सध्याची चर्चा आहे एस्टरची, म्हणजे सोयाबीनसारख्या तेलबियांपासून केलेल्या तेलांची. १९९० च्या दशकात ती अमेरिकेत बाजारात आली. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत करंजाच्या तेलावरही काम झालंय. ती पेट घेतात ३०० अंशांच्या वर, जमिनीत सांडली तर कुजतात. दाट असल्यानं थंडावा देण्यात थोडी मागं पडतात आणि हवा लागली की घट्ट होऊ लागतात, म्हणून टाकी बंदिस्त लागते. जाहिरातीत आगीचा मुद्दा पुढे असतो. मला त्यांचा दुसरा गुण मोठा वाटतो. खोलीच्या तापमानाला खनिज तेल जेमतेम ५५-६० पीपीएम पाणी विरघळवतं, नैसर्गिक एस्टर हजाराच्या आसपास. कागदातलं पाणी ते स्वतःकडे ओढून घेतं, त्यातलं काही रासायनिक क्रियेत संपवूनही टाकतं, आणि कागद हळू म्हातारा होतो. त्यामुळे कागद खनिज तेलात चालतो त्यापेक्षा जास्त तापमानावर चालवायची सवलत काही मानकांनी दिली आहे.

जुन्या ट्रान्सफॉर्मरमधलं खनिज तेल काढून एस्टर भरायचे प्रयोगही होतात. टाकी कितीही निथळली तरी काही टक्के जुनं तेल आत राहतंच, आणि ते सगळ्यात जास्त राहतं कागदात.