तिरंगी शिधापत्रिका

महाराष्ट्रातील कुटुंबांना उत्पन्नानुसार पिवळे, केशरी किंवा पांढरे रेशनकार्ड देण्याची पद्धत. ती 1 मे 1999 पासून लागू आहे. जून 1997 मध्ये केंद्र सरकारने सर्वांना एकाच दराने धान्य देण्याची पद्धत मोडून दारिद्र्यरेषेखालच्यांसाठी वेगळा, स्वस्त दर ठरवला. त्या भेदाला महाराष्ट्राने रंग दिले. धान्यासाठी ओढलेली ही रेघ पुढे दवाखान्याच्या दारापर्यंत गेली. म्हणून ती केवळ पुरवठा खात्याची बाब उरली नाही.

पिवळ्या कार्डासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 15,000 रुपये, म्हणजे सगळ्या घराला महिन्याकाठी 1,250 रुपये. घरात कुणी डॉक्टर किंवा वकील नको, व्यवसाय कर भरणारा नको, चारचाकी नको, इतकेच नव्हे तर दूरध्वनीही नको. विडी कामगार, पारधी व कोल्हाटी समाजातील कुटुंबे, परित्यक्ता व निराधार स्त्रिया यांना तात्पुरती पिवळी कार्डे देण्याची तरतूद झाली. नियमांतला हा सर्वांत माणुसकीचा भाग. 15,000 ते 1 लाख उत्पन्नाला केशरी. त्यावर, किंवा चारचाकी वा चार हेक्टरांहून अधिक बागायत असेल तर पांढरे. टॅक्सीचालकाची गाडी मात्र चारचाकीत धरली नाही. मजुरी वाढली, महागाई वाढली. हे आकडे वर्षानुवर्षे तसेच राहिले. त्यामुळे खरे उत्पन्न सांगणारा अपात्र ठरे आणि दाखल्यावर कमी आकडा लिहून आणणारा पात्र.

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा (2013) राज्यात फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला, तेव्हा केशरी रंगाचे आतल्या आत दोन भाग पडले. उत्पन्न ग्रामीण भागात 44,000 व शहरात 59,000 रुपयांपर्यंत असलेल्यांतून प्राधान्य कुटुंबे निवडली गेली. त्यांना माणशी 5 किलो धान्य मिळू लागले. अंत्योदय, म्हणजे सर्वांत गरीब, कुटुंबाचे 35 किलो कायम राहिले. लाभार्थ्यांची कमाल संख्या केंद्राने आधीच ठरवून दिलेली असल्याने, नव्याने गरीब झालेल्या घराला जागा रिकामी होईपर्यंत वाट पाहावी लागते. शेजारच्या दोन घरांत एकाच रंगाचे कार्ड असते, पण शिक्का वेगळा.

प्राधान्य यादीबाहेर राहिल्याने धान्य बंद झाले तरी लोकांनी केशरी कार्ड जपून ठेवले, त्याचे कारण आरोग्य. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना 2 जुलै 2012 रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर 2013 मध्ये राज्यभर पोहोचली. पिवळ्या व केशरी कार्डावर कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे ठरावीक उपचार मोफत होते. रुग्णालयातले आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे मदतनीस, आधी कार्ड मागत. 2017 मध्ये योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या 14 जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही सातबारा दाखवून उपचार मिळू लागले. रंगावरून गरज ओळखता येत नाही, याची ती सरकारी कबुलीच होती. 2023 मध्ये राज्याने रंगाची अट काढून सर्वांना 5 लाखांपर्यंतचे संरक्षण देण्याचे ठरवले. अनेक वर्षांतला हा सर्वांत योग्य निर्णय म्हणावा लागेल.

रंगाइतकाच प्रश्न कार्डावरच्या नावाचा आहे. लग्न झालेल्या मुलीचे नाव माहेरच्या कार्डातून कमी होते, पण सासरी चढायला तहसील कचेरीच्या खेपा पडतात. टाकलेल्या बाईचे नाव कधी दोन्हीकडे नसते. ऊसतोडीला सहा महिने बाहेर असलेल्या मजुराला आता दुसऱ्या गावच्या दुकानातूनही धान्य उचलता येते, मात्र यंत्रावर अंगठा उमटला पाहिजे. कोयत्याने झिजलेल्या बोटांचा ठसा पुष्कळदा लागत नाही. आरोग्य योजना सर्वांना खुली झाल्यावरही रेशनकार्ड किंवा अधिवासाचा दाखला दाखवावा लागतो. भटक्या जमातींच्या कित्येक पालांवर यांपैकी एकही कागद नाही.