लवादाची नोटीस आली तर आधी पाकीट फोडा

मागच्या महिन्यात उद्यमनगरातले एक ग्राहक पिशवीतून पाच पाकिटं घेऊन आमच्याकडे आले. पाचही बंद. लेथ मशीनच्या कर्जाचे हप्ते थकलेले, फायनान्स कंपनीची रजिस्टर पत्रं येत होती आणि हे ती गल्ल्याखालच्या ड्रॉवरमध्ये सारत होते. ‘फोडलंच नाही तर नोटीस लागू होत नाही’, असं त्यांना कुणीतरी सांगितलेलं. चौथ्या पाकिटात सुनावणीची तारीख निघाली, पाचव्यात थेट निवाडा.

हे पत्रक छापायचं कारण तेच. घरच्या किंवा दुकानाच्या पत्त्यावर नोटीस पोचली की ती तुम्हाला मिळाली असंच कायदा धरतो. वाचली का, हे कुणी विचारत नाही.

लवाद म्हणजे दोन्ही बाजूंनी करारातच कबूल केलेला पंच. कर्जाच्या करारात मागच्या पानांवर, जिथे आपण बोटाने दाखवतील तिथे सह्या करत जातो, तिथे हे कलम असतं. कारभार चालतो 1996 च्या लवाद कायद्याने. जामीनदाराचीही त्याच करारावर सही असेल तर नोटीस त्यालाही येते, आणि ‘मी फक्त सही केली’ हा बचाव तिथे चालत नाही.

पहिली नोटीस वाद लवादाकडे नेत असल्याची असते. ती मिळाल्या दिवसापासून कारवाई सुरू झाली असं मानतात. मग दावेदार मागणी मांडतो, तुम्ही म्हणणं देता. दोन्ही कामं सहा महिन्यांत उरकायची आणि त्यानंतर बारा महिन्यांत निवाडा व्हायचा. सुनावण्या हल्ली बऱ्याचदा मोबाईलवरच होतात. तुम्ही गेलाच नाहीत तर काम थांबत नाही, पुढ्यातल्या कागदांवर एकतर्फी निवाडा होतो.

आता लवाद कुणी नेमला ते बघा. निकालात ज्याचं हित आहे त्याने एकट्याने लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं आहे. तरीही ‘आम्ही अमुक यांना नेमलं आहे’ अशी पत्रं सर्रास येतात. हरकत लगेच लेखी घ्या. आणि पत्रासोबत संमतीचा कागद जोडलेला असेल तर तो न वाचता सही करून धाडू नका, कारण वाद उभा राहिल्यावर दिलेल्या लेखी संमतीने ही हरकतच संपते.

दुसरी गोष्ट लवादाचं स्थळ. उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात आहे, त्याचा आनंद आम्हालाही आहे. पण करारात स्थळ चेन्नई लिहिलं असेल तर निवाड्याला आव्हान तिकडेच द्यावं लागतं. वसुलीची दरखास्त, म्हणजे निवाडा बजावण्याचा अर्ज, मात्र जिथे तुमची मालमत्ता तिथे, म्हणजे इथे कसबा बावड्याच्या न्यायसंकुलातही लागू शकते. निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखाच बजावला जातो, जप्तीसकट.

आव्हानाला मुदत तीन महिने. सबळ कारण असेल तर वर तीस दिवस, त्यापुढे एक दिवसही नाही. आणि ते अपील नव्हे. नोटीस नीट मिळाली नाही, नेमणूकच चुकीची होती, अशी मोजकी कारणं चालतात. हिशेब पुन्हा तपासा म्हटलं तर कोर्ट ऐकत नाही. हिशेब लवादापुढेच भांडायचा.

तडजोड मध्येच केव्हाही करता येते. ठरलेली रक्कम निवाड्यातच लिहून घ्या, तोंडी ‘मिटलं’ यावर थांबू नका.

एक घोटाळा नेहमी होतो. आपल्याकडे पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, त्यांचं प्रत्येक पत्र लवादाचं नसतं. राज्य कायद्याखालच्या संस्थेचा वाद सहकार न्यायालयात जातो किंवा निबंधकाकडून थेट वसुली दाखला निघतो. मल्टिस्टेट, म्हणजे एकाहून जास्त राज्यांत चालणाऱ्या संस्थेला मात्र लवाद असतो, तोही वेगळ्या कायद्याखाली. पत्राच्या डोक्यावर कुठलं कलम आहे ते आधी दाखवा, मग बोलू.

येताना कराराची प्रत, हप्त्यांचा खातेउतारा, भरलेल्या पावत्या आणि नोटिशीचं पाकीट आणा. हो, पाकीटसुद्धा. आव्हानाची मुदत निवाड्याची सही असलेली प्रत हातात पडल्या दिवसापासून मोजतात. उद्यमनगरच्या त्या ग्राहकांच्या पाचव्या पाकिटावर पोस्टाचा शिक्का स्पष्ट होता. सव्वादोन महिने झाले होते, म्हणून अर्ज तरी करता आला.