तांबं निर्दोष, सांधा संशयित

जुन्या नाशकात तांबट लेनमधून जाताना हातोडीचा ठोका कानावर आला, की तांब्यावरचा विश्वास आपोआप वाढतो. रात्रभर तांब्यात ठेवलेलं पाणी सकाळी पिणारी घरं इथे कमी नाहीत. त्यामुळे गिझरला तांब्याचा पाइप जोडला, की आपण निर्धास्त. पाइपापुरतं ते ठीकच, कारण नळकामाच्या पाइपातलं तांबं जवळजवळ शुद्ध असतं. गोम असते ती सांध्यात आणि पितळी कॉकमध्ये, कारण तिथे शिसं असू शकतं.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मग त्यात शिसं कशाला? लेथवाल्याच्या सोयीसाठी. नुसतं पितळ कापताना कीस लांबलचक निघतो आणि टूलभोवती गुंडाळतो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतला कुठलाही टर्नर हे सांगेल. 2-3 टक्के शिसं घातलं, की काम सोपं होतं. शिसं पितळात विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं विखुरलेलं राहतं. त्या थेंबापाशी कीस तुटतो आणि आटे सफाईदार पडतात. पण तेच थेंब कॉकच्या आतल्या पृष्ठभागावरही उघडे पडतात, आणि रात्रभर थांबलेलं पाणी त्यांना चिकटून असतं.

सांध्याच्या डाखाचंही, म्हणजे सोल्डरचंही, तेच. कथील-शिशाचा डाख 183 अंशांना वितळू लागतो. शुद्ध कथलाला 232 अंश लागतात. कारागिराला पहिला आवडणारच! कल्हईवाल्याच्या कथलात शिशाची भेसळ होते, ही आजीची तक्रार याच जातीची.

आयएस 10500 या भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 0.01 मिलिग्रॅमहून जास्त शिसं नको. गच्चीवरच्या हजार लिटरच्या टाकीत बारीक मोहरीएवढा शिशाचा दाणा पूर्ण विरघळला, तरी ही मर्यादा ओलांडली जाते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा परिणाम होतो आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याचं सुरक्षित असं प्रमाणच नाही.

‘लेड-फ्री’ हा शब्दही जपून वाचावा. अमेरिकेच्या 1986 च्या कायद्यात 8 टक्के शिसं असलेलं फिटिंगही लेड-फ्री ठरत होतं! 2014 पासून तिथे पाण्याला लागणाऱ्या भागांतल्या शिशाची भारित सरासरी (ज्या भागाला पाणी जास्त लागतं, तो जास्त मोजायचा) 0.25 टक्क्यांच्या आत असावी लागते, डाखात 0.2 टक्के. शिशाऐवजी बिस्मथ किंवा सिलिकॉन वापरतात. एनएसएफ 372 हे अमेरिकी मानक धातूत शिसं किती ते पाहतं, तर एनएसएफ 61 पाण्यात काय काय उतरतं ते. दुकानात ‘चांगल्या पितळेचं आहे’ एवढ्यावर भागवू नये. कॉक कुठल्या मानकाचा, हे विचारावं, आणि डाख शिशाचा नको, हे प्लंबरला आधीच सांगावं.

जुनी फिटिंग लगेच बदलता येत नसेल, तर सकाळचं पहिलं पाणी कुंड्यांना घालावं. गरम पाण्यात शिसं लवकर उतरतं, म्हणून घाई असली तरी चहाचं आधण गिझरच्या नळाचं ठेवू नये.