गर्भपाताचे निकाल आणि अमेरिकी काँग्रेसची निवडणूक : पार्श्वभूमी

गर्भपाताविषयी अमेरिकी मतदारांची ढोबळ भूमिका गेल्या पाच दशकांत फारशी हललेली नाही. काही अटी घालून परवानगी असावी असे म्हणणारे निम्म्याच्या आसपास राहिले आहेत आणि संपूर्ण बंदीचे समर्थक सतत अल्पसंख्य राहिले आहेत. न्यायालयाचा निकाल आला की ही भूमिका बदलत नाही. बदलते ती तिच्यासाठी मतदान केंद्रापर्यंत जाण्याची निकड. ती कोणत्या बाजूला अधिक असेल, हे त्या निकालाने कोणाचे काय गेले यावर ठरते.

गर्भपात हा घटनात्मक अधिकार ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या ‘रो’ निकालानंतर जिंकलेली बाजू निर्धास्त झाली आणि हरलेली बाजू संघटित झाली. त्या काळी डेमोक्रॅटिक आणि रिपब्लिकन या दोन्ही पक्षांत दोन्ही मतांचे सदस्य होते आणि थेट बंदीचा मार्ग काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, उरलेला नव्हता, त्यामुळे भांडण पैशावर आले. १९७६ मध्ये खर्चाच्या विधेयकाला जोडलेल्या तरतुदीने गरिबांच्या आरोग्य योजनेतील केंद्रीय निधी गर्भपातासाठी वापरण्यास जवळजवळ पूर्ण मनाई केली आणि १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. १९९२ च्या ‘केसी’ निकालाने मूळ अधिकार राखला, पण राज्यांना निर्बंध घालण्यास बरीच मोकळीक दिली. पुढची तीन दशके हा विषय सिनेटच्या (काँग्रेसच्या वरिष्ठ सभागृहाच्या) निवडणुकीत मुख्यतः, सिनेटच मंजूर करते त्या न्यायाधीशांच्या नेमणुकांच्या वाटेने येत राहिला. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयावरील एका वादग्रस्त नेमणुकीच्या विरोधात मत देणारे इंडियाना, मिसूरी आणि नॉर्थ डकोटाचे डेमोक्रॅटिक सिनेटर पराभूत झाले, तर बाजूने मत देणारे वेस्ट व्हर्जिनियाचे सिनेटर टिकले. एवढ्या एका मतामुळेच ते हरले असे म्हणता येणार नाही, परंतु न्यायालयाचा प्रश्न तोवर, गर्भपाताला बहुतांशी विरोध करणाऱ्या रिपब्लिकन मतदारांना अधिक बांधून ठेवत होता, हे मात्र खरे.

२४ जून २०२२ च्या ‘डॉब्स’ निकालाने ‘रो’ रद्द केला आणि हे गणित उलटले. वाद मिसिसिपीच्या १५ आठवड्यांनंतरच्या बंदीचा होता. ती बंदी ६ विरुद्ध ३ मतांनी टिकली, पण ‘रो’ रद्द करण्याच्या बाजूने पाचच न्यायमूर्ती होते, कारण सरन्यायाधीशांना तेवढे लांब जाणे मान्य नव्हते. बहुमताच्या निकालपत्रात मतदानाचाही हिशेब आहे. स्त्रियांकडे राजकीय ताकद नाही असे मुळीच नाही, असे सांगून २०२० मध्ये मिसिसिपीत मत टाकणाऱ्यांमध्ये ५५.५ टक्के स्त्रिया होत्या, हा दाखला तिथे दिला आहे. घटनात्मक संरक्षण काढून घेताना, ते हवे असल्यास मतपेटीतून मिळवा, असे सांगणारा हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. ज्या राज्यात मतदारसंघांची आखणीच एका पक्षाला सोयीची आहे, तिथे बहुसंख्य मत आणि बहुसंख्य जागा यांचा मेळ बसेलच असे नाही.

खरा गुंता त्यापुढचा आहे. निकालाने हा विषय जनतेच्या निवडून आलेल्या प्रतिनिधींकडे परत केला, पण हे प्रतिनिधी राज्य विधिमंडळातले की काँग्रेसमधले, याची मर्यादा घातली नाही. बहुमतातील एका न्यायमूर्तींनी स्वतंत्र मतात तर राज्ये किंवा काँग्रेस, असे दोन्ही पर्याय स्पष्ट लिहिले. त्यामुळे ‘विषय राज्यांकडे गेला’ हे प्रचारातले वाक्य पूर्णपणे खरे कधीच नव्हते. १३ सप्टेंबर २०२२ रोजी एका ज्येष्ठ रिपब्लिकन सिनेटरने १५ आठवड्यांनंतर देशभर बंदी घालणारे विधेयक मांडले, तेव्हा त्यांच्याच पक्षाच्या सिनेटमधील नेत्याला, आमच्या बहुतेक सदस्यांना हा विषय राज्यांनी हाताळावा असे वाटते, असा खुलासा करावा लागला. दुसऱ्या बाजूला, अधिकार केंद्रीय कायद्यात लिहिण्याचा डेमोक्रॅटिक प्रयत्न त्याच वर्षी फेब्रुवारी आणि मे अशा दोन वेळा सिनेटमध्ये अडला होता. मे महिन्यात ४९ विरुद्ध ५१ मते पडली आणि चर्चा संपवण्यासाठी लागतात ६०. एकेका मतदारसंघातल्या उमेदवारालाही आता ‘तुम्ही वॉशिंग्टनमध्ये काय कराल’ हा प्रश्न टाळता येईना.

पहिला कौल २ ऑगस्टला कॅन्ससमध्ये आला. तिथल्या राज्य न्यायालयाने २०१९ मध्ये मान्य केलेला अधिकार घटनादुरुस्तीने काढून टाकायचा होता. त्यासाठी पक्षांतर्गत उमेदवार निवडीचा दिवस ठरवण्यात आला, ज्या दिवशी अपक्ष मतदारांना एरवी केंद्रावर जाण्याचे कारणच नसते. प्रश्नाची भाषाही अशी होती की ‘होय’ म्हणजे अधिकार नको. तरीही ९ लाखांहून अधिक लोकांनी मत दिले आणि सुमारे ५९ टक्क्यांनी ‘नाही’ म्हटले. त्याच महिन्यात न्यूयॉर्कमधील प्रतिनिधिगृहाच्या (काँग्रेसच्या कनिष्ठ सभागृहाच्या) एका अटीतटीच्या पोटनिवडणुकीत गर्भपातावर प्रचार उभा करणारा डेमोक्रॅटिक उमेदवार जिंकला.

नोव्हेंबरच्या मध्यावधी, म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यकाळाच्या मध्यावर नियमितपणे होणाऱ्या, निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला प्रतिनिधिगृह मिळाले, पण २२२ विरुद्ध २१३ अशा निसटत्या बहुमताने, आणि सिनेट मिळाली नाही. मतदानोत्तर चाचणीत ३१ टक्क्यांनी महागाई, तर २७ टक्क्यांनी गर्भपात हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सांगितला. या दुसऱ्या गटातील चारांपैकी जवळजवळ तिघांनी डेमोक्रॅटिक उमेदवाराला मत दिले. देशाच्या सरासरीपेक्षा राज्यांमधला फरक अधिक बोलका आहे. मिशिगनमध्ये १९३१ चा बंदीचा कायदा पुन्हा जिवंत होण्याची भीती होती आणि सार्वमतही त्याच मतपत्रिकेवर होते. तिथे ग्रँड रॅपिड्सची जागा रिपब्लिकनांच्या हातून गेली. न्यूयॉर्कमध्ये राज्याचा कायदा भक्कम होता. तिथे लाँग आयलंडच्या चारही जागा रिपब्लिकनांनी जिंकल्या आणि चर्चा गुन्हेगारीची झाली. स्वतःच्या दारात धोका दिसत नसेल तर काँग्रेसमधल्या धोक्यासाठी लोक पक्ष बदलत नाहीत, असा अर्थ मी यातून घेतो.

२०२४ मध्ये गर्भपातावरचे मत आणि उमेदवाराला दिलेले मत यांतली ही भेग रुंदावली. फेब्रुवारीत अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने गोठवलेल्या भ्रूणांना मुलांचा दर्जा देताच रिपब्लिकन सिनेट प्रचार समितीने आपल्या उमेदवारांना कृत्रिम गर्भधारणेला जाहीर पाठिंबा देण्यास सांगितले, म्हणजे निकालाचा धसका प्रचारयंत्रणेने लगेच घेतला. नोव्हेंबरमध्ये मात्र १० पैकी ७ राज्यांत गर्भपाताचा अधिकार राखणारी सार्वमते मंजूर झाली, तरी काँग्रेसची दोन्ही सभागृहे रिपब्लिकनांकडे गेली. मोंटानात सुमारे ५८ टक्क्यांनी अधिकार घटनेत घातला आणि त्याच दिवशी तीन वेळा निवडून आलेल्या डेमोक्रॅटिक सिनेटरला घरी पाठवले. मिसूरीत सुमारे ५२ टक्क्यांनी बंदी उठवली आणि बंदीचे समर्थक असलेले सिनेटर त्याहून अधिक मतांनी परतले. सार्वमताने अधिकार सुरक्षित झाला, आता उमेदवार दुसऱ्या मुद्द्यांवर निवडू, असा विचार या मतदारांनी केला असावा. पण मिसूरीच्या विधिमंडळाने २०२५ मध्ये ती घटनादुरुस्ती रद्द करण्याचा ठराव केला असून तो प्रश्न काँग्रेसच्या पुढच्या मध्यावधी निवडणुकीबरोबर, नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर ठेवण्याचे ठरवले आहे.