केंद्रात शुद्ध, नळाला गढूळ: मुंबईच्या पाण्याची पार्श्वभूमी

दर पावसाळ्यात मुंबई महापालिकेची तीच सूचना येते: पाणी गाळून, उकळून प्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये मात्र केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने भारतीय मानक ब्यूरोकडून राज्यांच्या राजधान्यांतलं नळाचं पाणी तपासून घेतलं, तेव्हा सगळ्या निकषांवर उतरलेलं शहर एकच होतं, मुंबई. दिल्लीचे अकराच्या अकरा नमुने नापास झाले. मुंबईचे नमुने दहाच होते, त्यामुळे त्या निकालाचा फार डांगोरा पिटण्यात अर्थ नाही. तरीही निकाल आणि सूचना दोन्ही खऱ्या आहेत. शुद्धीकरण केंद्रातून निघणारं पाणी चांगलंच असतं. ते नासतं शेवटच्या टप्प्यात, गल्लीतल्या वाहिनीत आणि इमारतीच्या टाकीत. त्याची कारणं शहराला पाणी कसं मिळत गेलं, त्यात आहेत.

१८६० पूर्वीची मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, दो टाकी ही आता फक्त ठिकाणांची नावं उरली आहेत, पण तिथे खरोखर पाणी होतं. त्याच पाण्यात कपडे धुवायचे, गुरं पाजायची आणि घागरीही तिथेच भरायच्या. पायऱ्या उतरून लोक पाण्यात पाय ठेवत, तिथे नारूची साखळी अखंड चाले: रुग्णाच्या फोडातून जंताची पिल्लं पाण्यात, पाण्यातून सायक्लॉप्स या सूक्ष्म जलजीवामध्ये आणि तिथून दुसऱ्याच्या पोटात. १८५० च्या दशकातल्या टंचाईने सरकार हललं. अभियंता हेन्री कॉनीबेअर यांच्या योजनेनुसार मिठी नदीच्या उगमाकडे विहारचं काम १८५६ मध्ये सुरू झालं आणि १८६० मध्ये त्याचं पाणी शहरात आलं. पुढे तुळशी (१८७९) आणि शहापूर तालुक्यातलं तानसा (१८९२). मधे १८९० च्या सुमारास बांधलेल्या पवईचं पाणी पिण्याजोगं निघालं नाही. ते आजही बिगरपिण्याच्या कामालाच जातं.

तलावांचं पाणी शहरात ओतलं गेलं, पण वापरलेलं पाणी बाहेर नेणारी गटारं त्या वेगाने झाली नाहीत. जमीन ओलसर राहू लागली. चाळींच्या मागच्या अरुंद हाउस गल्लीत मैल्याच्या आणि मोरीच्या नळ्यांशेजारूनच पिण्याच्या पाण्याच्या नळ्या गेल्या, कारण दुसरी जागाच नव्हती. ही शेजारशेज जुन्या मुंबईत आजही तशीच आहे, आणि पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिच्यात आहे.

नळ आले तरी विहिरी लगेच सुटल्या नाहीत. १९११ मध्ये डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या मलेरियाची कारणं तपासली आणि बोट ठेवलं ते विहिरींवर, कारण अॅनोफिलिस स्टीफन्सी डास तिथे वाढत होता. त्यानंतर विहिरी बुजवण्याची किंवा झाकण्याची मोहीम निघाली. धार्मिक कारणांनी विरोधही झाला. चर्चगेटजवळची १७२५ सालची भिखा बेहराम विहीर टिकली, पण असंख्य विहिरी गेल्या. मलेरियाच्या दृष्टीने ते योग्यच होतं. मात्र त्यानंतर शहर पूर्णपणे नळावर आलं. नळ बिघडला तर दुसरा आधार राहिला नाही.

पुढची धरणं लांब लांब जात राहिली: १९५७ मध्ये वैतरणेवरचं मोडकसागर, १९७० च्या दशकात अप्पर वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा. आज शहराला रोज ३,९०० दशलक्ष लिटरच्या आसपास पाणी येतं, त्यातला सर्वांत मोठा वाटा भातसाचा. भांडुपचं १,९१० दशलक्ष लिटर क्षमतेचं शुद्धीकरण केंद्र १९८० च्या सुमारास सुरू झालं. तिथली पद्धत सर्वत्र असते तशीच: तुरटी किंवा पॉलिअॅल्युमिनियम क्लोराइड घालून गाळाचे गोळे बांधायचे, ते खाली बसू द्यायचे, वाळूतून पाणी गाळायचं, शेवटी क्लोरीन. मोठ्या वाहिन्यांची जागा अलीकडे खडकात खोल गेलेले जलबोगदे घेत आहेत. इथपर्यंत फारसं काही बिघडत नाही.

बिघडायला सुरुवात होते पाणी बंद झाल्यावर. शहरात बहुतेक ठिकाणी पाणी दिवसातून काही तासच येतं. चावीवाला व्हॉल्व्ह फिरवतो, एका भागाचं पाणी बंद होतं आणि दुसऱ्याचं सुरू. बंद झालेल्या भागात उरलेलं पाणी उताराकडे वाहून जातं आणि चढावरच्या नळीत पोकळी होते. दाब आत जास्त असताना सांध्यातून पाणी बाहेर गळतं. दाब गेला की त्याच सांध्यातून बाहेरचं आत ओढलं जातं. नळीभोवती गटाराचं पाणी असेल तर तेच आत येतं. पाणी आल्याबरोबर इमारतींनी थेट नळीला बूस्टर पंप लावले की ओढ आणखी वाढते. हे बूस्टर बेकायदा आहेत आणि सगळ्यांना ठाऊक आहेत.

हुबळी-धारवाडमध्ये याची पद्धतशीर तुलना झाली आहे. एकाच शहरात काही वॉर्डांना चोवीस तास आणि इतरांना ठरावीक तास पाणी होतं, दोन्हीकडे शुद्धीकरण केंद्र तेच. तासांवर पाणी मिळणाऱ्या भागातल्या नळांच्या जवळपास एक तृतीयांश नमुन्यांत ई. कोलाय हे विष्ठेतून येणारे जिवाणू सापडले, चोवीस तासांच्या भागात एक टक्क्याहूनही कमी. पाणी सुटल्यानंतरची पहिली काही मिनिटं सर्वांत वाईट, हेही तिथे दिसलं. जुन्या चाळीतली माणसं पहिल्या बादल्या फरशी धुवायला वापरतात, ते अगदी बरोबर आहे.

दूषित पाण्याची तक्रार आल्यावर जाणकार कर्मचारी आधी उरलेला क्लोरीन पाहतात. नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असेल तर पिवळा रंग येतो, हीच ‘ओटी’ चाचणी. (हे रसायन घातक असल्याने आता डीपीडी या दुसऱ्या रसायनाची गोळी बरी मानतात, तिचा रंग गुलाबी.) एका इमारतीत ०.५ मिलिग्रॅम प्रतिलिटर आणि शेजारच्या इमारतीत शून्य आलं तर बिघाड त्या दोघांच्या मधे आहे. सांडपाण्यातला अमोनिया आणि सेंद्रिय घाण क्लोरीन खाऊन टाकते, त्यामुळे वास किंवा रंग येण्याआधी शून्य दिसतं. मग त्या टप्प्यात खड्डा घेतात. बहुतेकदा सापडते ती गटारातून गेलेली, गंजून चाळणी झालेली जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पाइपची जोडणी.

क्लोरीनच्या या आकड्यामागे दिल्लीचा एक प्रसंग आठवावा लागतो. नोव्हेंबर १९५५ मध्ये नजफगढ नाल्याचं मैलामिश्रित पाणी वझिराबादच्या यमुनेतल्या उपशापर्यंत मागे आलं. क्लोरीन वाढवला गेला, विषमज्वर आणि हगवणीची साथ आली नाही. पण डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९,३०० जणांना कावीळ झाली. ती हिपॅटायटिस ई या विषाणूची होती, हे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून कितीतरी वर्षांनी कळलं. गढूळ पाण्यात विषाणू कणांच्या आड राहतात आणि साधी मात्रा त्यांना पुरत नाही. शिवाय लक्षणं दिसायला महिना-दीड महिना लागतो, तोवर नळातलं पाणी केव्हाच स्वच्छ झालेलं असतं. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या आयएस १०५०० या भारतीय मानकात नळाशी किमान ०.२ आणि विषाणूंचा धोका असेल तिथे ०.५ मिलिग्रॅम क्लोरीन सांगितला आहे, आणि गढूळपणा शक्यतो १ एनटीयूच्या (गढूळपणाच्या एककाच्या) आत. २०१२ मध्ये इचलकरंजीत कावीळ पसरली, तेव्हाही रोग हाच होता.

घरोघरी दिसणारा टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजणारा मीटर या बाबतीत निरुपयोगी आहे. समजा, तलावाच्या पाण्याचा टीडीएस ८० आहे आणि त्यात ६०० टीडीएसचं सांडपाणी एक टक्का मिसळलं. मीटर ८५ दाखवेल, आणि मानकाची इष्ट मर्यादा ५०० आहे. त्याच पाण्याच्या १०० मिलिलीटरमध्ये ई. कोलाय हजारोंनी असतील, जिथे एकही चालत नाही. मुंबईच्या तलावांचं पाणी मुळातच मऊ आहे. क्षार काढण्यासाठी आरओ लावणं इथे पैशांची आणि पाण्याची नासाडी आहे. उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळलेलं पाणी पुरतं.

इमारतीच्या पाणी-मीटरनंतरची वाहिनी आणि टाक्या सोसायटीच्या. खरी गफलत जमिनीखालच्या सक्शन टाकीत होते: झाकण आवाराच्या पातळीला, शेजारी ड्रेनेजचं चेंबर, भिंतीला तडा. पावसात आवारात पाणी साचलं की ते टाकीत उतरतं. झाकणाची कड किमान वीतभर वर हवी. टाकी धुताना आधी गाळ काढून भिंती घासाव्या, नाहीतर क्लोरीन गाळातच संपतो. मग १०,००० लिटरच्या भरलेल्या टाकीत ५० मिलिग्रॅम प्रतिलिटर मात्रेसाठी ५०० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३३ टक्क्यांची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर दीड किलो. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचं पाणी ओतावं. रात्रभर ठेवून ते पाणी सोडून द्यायचं, प्यायचं नाही. पावसाळ्यात तोंड उघडं राहिलेल्या पिशवीतली पावडर दमट होऊन निकामी होते, तेव्हा मोजमाप फसतं. टाकीत माणूस उतरवण्याआधी सगळी झाकणं उघडून हवा खेळती करावी आणि वर दुसरा माणूस हवाच. रोजच्या गरजेला १,००० लिटरला ६ ग्रॅम पावडर आणि अर्धा तास थांबणं पुरेसं असतं.

पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता भागात गिलियन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि अनेकांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी सापडला, तेव्हा संशय नांदेड गावच्या विहिरीकडे गेला. तिथलं पाणी गाळण प्रक्रियेविना, फक्त क्लोरीन टाकून नव्याने समाविष्ट गावांना जात होतं. हा जिवाणू क्लोरीनने सहज मरतो, म्हणजे प्रश्न क्लोरीन नळापर्यंत टिकण्याचा होता. तोच मुंबईतही आहे. कराडजवळच्या मलकापूरने २००९ च्या सुमारास मीटर लावून चोवीस तास पाणी सुरू केलं. मुंबईत मुलुंड आणि वांद्रे इथे असा प्रयोग हाती घेतला गेला, पण तो शहरभर पसरला नाही. इथे व्हॉल्व्ह अजून रोज बंद होतात.